पेनफोल्ड सरांचं क्रियापद

फिलिपा दारात उभी राहून बरंच काही बोलली, पण पेनफोल्ड सरांना त्यातला एकच शब्द ऐकू आला आणि तो सरळ त्यांच्या डोक्यात गेला.

"कमिटीने एकमताने ठरवलंय, सर. तुम्हाला रीइन्स्टेट करायचं. अंपायर म्हणून. या शनिवारपासून."

फिलिपा ही गावची गुरांची डॉक्टर आणि नेदर विक क्रिकेट क्लबची सेक्रेटरी. बैलाच्या जबड्यात हात घालताना ती कधी कचरली नव्हती, पण आज तिचा आवाज जरा पातळ झाला होता.

"आत ये," सर म्हणाले. "पाय पूस. आणि ते क्रियापद पुन्हा एकदा उच्चार."

"रीइन्स्टेट," फिलिपा पाय पुसत म्हणाली.

"अर्थ?"

"सर, मी चाळिशीला आले आता!"

"वय नाही विचारलं. अर्थ विचारला."

"पुन्हा त्याच जागेवर बसवणं," फिलिपा म्हणाली आणि निमूटपणे खुर्चीच्या टोकावर बसली.

ऑब्री पेनफोल्ड यांनी बाजारगावच्या शाळेत लॅटिन आणि इंग्रजी शिकवण्यात उभी हयात घालवली होती. नेदर विकमधल्या निम्म्या लोकांनी त्यांचे लाल शाईतले शेरे पचवले होते. निवृत्त झाल्यावर सरांनी क्लबचा पांढरा कोट अंगावर चढवला आणि जे बोट पूर्वी फळ्याकडे जायचं ते आकाशाकडे जायला लागलं. माणूस मात्र तोच राहिला. समोर कोण उभा आहे हे न पाहता उत्तर चूक की बरोबर तेवढंच तो पाहायचा, आणि गावाला त्याचा अभिमान होता, निदान बोट दुसऱ्याच्या पोरावर उठायचं तोवर तरी.

"आता नीट ऐक," सर म्हणाले. "या क्रियापदाला तीन माणसं लागतात. एक, जागेवर होता तो. दोन, ज्याने त्याला उठवलं तो. तीन, जो त्याला पुन्हा बसवतो तो. तुझ्या वाक्यात पहिला आहे, तिसरा आहे. मधला कुठे पळाला?"

"मधला म्हणजे... डग्लस."

"मिस्टर टॅपर," सरांनी सुधारलं. "आणि काय म्हणतात मिस्टर टॅपर?"

"ते म्हणाले, झालं गेलं विसरून जाऊ."

"विसरायला वेगळं क्रियापद आहे. त्यांनी ते वापरावं. फुकट आहे."

स्वयंपाकघरातून मर्टलबाईंचा आवाज आला, "ऑब्री, त्या पोरीला चहा तरी विचार. व्याकरणाने पोट भरत नाही."

हे सगळं रामायण चार उन्हाळ्यांपूर्वीचं. नेदर विक आणि ओव्हर विक, म्हणजे खालचं गाव आणि वरचं गाव. मध्ये एक ओढा आणि एक टेकडी. वर्षातून एकदा या दोघांची मॅच होते आणि त्या दिवशी मामा-भाचे एकमेकांना ओळखत नाहीत. प्रत्येक गाव आपापला अंपायर आणतं, एक या टोकाला, एक त्या टोकाला. त्या वर्षी जिंकायला दोन धावा हव्या होत्या आणि खेळत होता डग्लस टॅपर, गावचा खाटीक, क्लबचा कॅप्टन आणि अध्यक्षही तोच. चेंडू त्याच्या पॅडवर आदळला, वरच्या गावाने एकच गलका केला आणि खालच्या गावाच्या अंपायरने, म्हणजे आपल्या पेनफोल्ड सरांनी, बोट वर केलं. पायचीत. मॅच गेली.

त्याच संध्याकाळी गावच्या पबमध्ये कमिटी बसली. डग्लस म्हणाला, क्लबला आता ताज्या डोळ्यांचा अंपायर हवा. बाकीच्यांनी ग्लासात डोळे घातले. पांढरा कोट डग्लसच्या मेव्हण्याच्या, सिरिलच्या अंगावर गेला. सर कोपऱ्यातच बसले होते. त्यांनी आपला अर्धा ग्लास तसाच ठेवला, टोपी घातली आणि घरी आले. त्या दिवसापासून शाळेतला 'टॅपर' त्यांच्या तोंडी 'मिस्टर टॅपर' झाला. सरांनी मिस्टर म्हटलं की समजावं, या माणसाचं नाव त्यांच्या हजेरीतून कायमचं गेलं.

सिरिल बिचारा स्वभावाने लोण्यासारखा. अंपायर लोक ओव्हरचे चेंडू मोजायला खिशात सहा खडे ठेवतात आणि एकेक करून या हातातून त्या हातात घेतात. सिरिलने खडे बोचतात म्हणून पेपरमिंटच्या गोळ्या ठेवल्या. मॅच रंगात आली की त्यातली एखादी त्याच्या तोंडात जायची. मग कुठली ओव्हर पाच चेंडूंची, कुठली चारची, आणि विचारलं की गालात गोळी घेऊन म्हणायचा, "सहाच होत्या, मी मोजल्या." त्यावर कडी म्हणजे, आपल्या गावाच्या माणसाला बाद द्यायचं त्याच्या जिवावर यायचं. वरच्या गावाचा कॅप्टन नॉर्मन क्रीड सफरचंदांच्या बागा आणि सायडरची पिंपं सांभाळून असलेला शांत माणूस, पण गेल्या वर्षी त्याचंही डोकं फिरलं. त्याने निरोप धाडला की यंदा पेनफोल्ड उभे राहणार असतील तर येतो, नाहीतर त्या शनिवारी बागेला औषध मारतो.

म्हणजे सरांची आठवण आपल्या गावाला झाली नव्हती, ती शत्रूने करून दिली होती. सरांना हे चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत फिलिपाच्या तोंडून काढून घेता आलं आणि मग तर त्यांचा नन्नाचा पाढा सुरू झाला.

"मिस्टर टॅपरना सांग, रीइन्स्टेट करायचं असेल तर आधी उठवलं ते चुकलं, असं म्हणावं लागेल. तेवढं म्हणाले तर मी आत्ता कोट चढवतो."

"सर, डग्लस आयुष्यात कुणाला सॉरी म्हणालेत का? फार तर एखाद्या मेंढीला म्हणाले असतील."

"मग त्यांनी मला मेंढी समजावं," सर म्हणाले.

फिलिपा निघाली आणि फाटकाबाहेर पडताच ठेचकाळली. मागच्या वसंतात गॅसवाल्यांनी गल्ली खणली होती. तेव्हा त्यांनी पाटी लावली होती की काम झाल्यावर रस्ता रीइन्स्टेट करण्यात येईल. काम झालं, पाटी गेली आणि तिच्या जागी डांबराचा एक उंचवटा राहिला. त्यावर दूधवाल्याच्या बाटल्या फुटल्या होत्या, पाद्रीबाबा सायकलवरून पडले होते.

"बघ!" सर खिडकीतून ओरडले. "हे असलं रीइन्स्टेट मला नको!"

रात्रीच्या जेवणाला सॉसेज होते. बटाट्याच्या भरतावर कांद्याची ग्रेव्ही ओतत सर म्हणाले, "हे बरे असतात. बाजारगावच्या दुकानातले. त्या मिस्टर टॅपरकडच्यांपेक्षा कितीतरी बरे." कमिटीच्या त्या संध्याकाळनंतर त्यांनी टॅपरच्या दुकानातला तुकडाही तोंडात घालणार नाही अशी शपथ घेतली होती, आणि मर्टलबाई त्यांच्यासाठी बसने बाजारगावला जात.

मर्टलबाईंनी काटा खाली ठेवला. "ते टॅपरचेच आहेत."

"आज?"

"आज, काल, चार वर्षं. बाजारगावचे सॉसेज तू एकदाच खाल्लेस आणि भुसा भरलाय म्हणालास. तेव्हापासून मी कागद तिथला ठेवते आणि माल इथला आणते."

"मर्टल, ही शुद्ध फसवणूक आहे!"

"हो. आणि तू दोनदा घेतलेस."

सरांनी बशीकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं. ते बऱ्याच दिवसांनी असं हसले असावेत, कारण मांजर दचकून टेबलाखालून बाहेर आलं. मर्टलबाई मात्र हसल्या नाहीत.

"आता माझं ऐक," त्या म्हणाल्या. "दर शनिवारी तू मागच्या मळ्यात मैदानाकडे पाठ करून शेंगा सोलतोस. टाळी पडली की सालं एकीकडे आणि दाणे दुसरीकडे. टाळीवरून ओळखतोस, चौकार गेला की विकेट पडली. मला दिसत नाही का? हा मळा आणि ते मैदान यांच्यात एक कुंपण आहे, ऑब्री, समुद्र नाही."

ते खरंच होतं. त्या टाळ्या ऐकताना त्यांना फार एकटं वाटायचं.

"आणि दुसरं. चहाच्या सुट्टीत माझा लिंबाचा केक असायचा. सव्वीस वर्षं. वरच्या गावचे लोक मॅच हरायला तयार असायचे, पण केकचा तुकडा हुकला की रडायचे. तुला काढलं त्या कमिटीने. मला कुणी काढलं? कुणीच नाही. मी आपली तुझ्यामागून उठले. तेव्हापासून चहाला दुकानातली बिस्किटं असतात. तू कधी वळून पाहिलंस, मर्टल कुठाय म्हणून?"

हे मात्र सरांना लागलं. त्यांनी बशी बाजूला सारली.

"मला केक करायचाय," मर्टलबाई म्हणाल्या. "तू तुझं क्रियापद घेऊन बैस, नाहीतर माझ्यासाठी ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी फिलिपाला फोन केला. "मी उभा राहतो. पण तो शब्द वापरायचा नाही. मी रीइन्स्टेट झालेलो नाही. एका मॅचपुरता उभा आहे, असं समज."

"मग आम्ही काय म्हणायचं, सर?"

"काही म्हणू नका. क्रियापदाशिवाय दिवस काढा एक."

शनिवारी ऊन स्वच्छ पडलं होतं. मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडल्या गेल्या, कुत्री खुंट्यांना बांधली गेली, पॅव्हिलियनच्या लाकडी पायऱ्यांवर पोरं येऊन बसली. मर्टलबाई दोन केक घेऊन आल्या तेव्हा वरच्या गावच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यांच्या अंपायरने तर टोपी काढली. मर्टलबाई लाजून लाल झाल्या, आणि ते पाहून सरांना वाटलं, एवढ्यासाठी आपण चार वर्षांपूर्वीच यायला हवं होतं.

कोट सिरिलने धुऊन आणला होता. सरांनी खिशात हात घातला तर बोटांना पेपरमिंटचा चिकट तुकडा लागला. त्यांनी तो काढून टाकला आणि घरून आणलेले सहा खडे आत सोडले. डग्लस टॅपर दहा पावलांवर पॅड बांधत होता. दोघांची नजरानजर झाली.

"हवा चांगली आहे, सर," डग्लस म्हणाला.

"आहे, मिस्टर टॅपर," सर म्हणाले. आणि विषय हवेवरच संपला.

वरच्या गावाने आधी खेळून बऱ्यापैकी धावा केल्या. मग चहा झाला. केक संपायच्या बेतात आला. मर्टलबाईंनी एक तुकडा सरांसाठी बशीखाली झाकून ठेवला. मग आपलं गाव खेळायला उतरलं आणि नेहमीप्रमाणे पाठोपाठ बाद होत गेलं. पाद्रीबाबा शून्यावर गेले, पोस्टमन आपल्याच पायात अडखळून धावबाद झाला. एकटा डग्लस नांगर टाकून उभा होता. बावन्न वर्षांचा, पोट पुढे, पण मनगटं खाटकाची. शेवटी जिंकायला चार धावा उरल्या आणि हातात दोनच विकेट. डग्लस गेला तर यायला उरला होता एकटा सिरिल, जो पायऱ्यांवर बसून घाबरून गोळ्या चघळत होता.

सर ज्या टोकाला उभे होते तिथून वरच्या गावाचा तरणाबांड गोलंदाज धावत आला. चेंडू आत वळला. डग्लसने पाय पुढे टाकला, काहीतरी खट्ट वाजलं आणि चेंडू पॅडवर आदळून मरून पडला. गोलंदाज दोन्ही हात पसरून सरांकडे वळला आणि असा ओरडला की टेकडीवरच्या गाई उठल्या.

लोकांना वाटलं, आपण स्वप्नात आहोत. तोच माणूस, तेच टोक, तसाच चेंडू. कुणीतरी पुटपुटलं, "नाही, सर आज नाही देणार."

ते ऐकू आलं की काय कोण जाणे, पण सरांचं बोट वर गेलं.

डग्लस जागच्या जागी खिळला. त्याचा चेहरा त्याच्या दुकानातल्या मालासारखा लाल झाला. त्याची बायको पॅव्हिलियनमधून नुसती बघत होती आणि त्या बघण्यात बरंच काही होतं. त्याने जबडा आवळला, बॅट काखेत मारली आणि चालू लागला.

तेवढ्यात नॉर्मन क्रीड, वरच्या गावाचा कॅप्टन आणि विकेटकीपर, हातमोजे काढत सरांजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "पेनफोल्ड, आधी बॅट लागली. आतल्या कडेला. मी पाहिलं. आम्हाला हे अपील मागे घ्यायचंय, तुमची परवानगी असेल तर."

म्हणजे खट्ट वाजलं ते, सरांना वाटलं तसं, पॅडचं बक्कल नव्हतं.

खोटं बोलण्यात क्रीडचं काही भलं नव्हतं, उलट नुकसानच होतं. तेव्हा तो म्हणतो ते खरंच असणार. पण आज चुकलो म्हटलं, तर चार वर्षांपूर्वीचं बोटही लोक चुकीचंच धरणार. पबमध्ये म्हणणार, पाहा, म्हाताऱ्याला तेव्हाही दिसत नव्हतं. मिस्टर टॅपर तर म्हणतीलच. चार वर्षं शेंगा सोलून जो ताठा त्यांनी जपला होता तो सगळा या एका चेंडूवर येऊन उभा होता. आणि कुणाला कळलंही नसतं. डग्लस अर्ध्या वाटेवर पोचला होता, एकदा सीमारेषा ओलांडली की विषयच मिटत होता. सरांना मनापासून वाटलं, जाऊ दे त्याला.

मग त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. आधी उठवलं ते चुकलं, असं म्हणावं लागेल.

"टॅपर!"

ती हाक शाळेतली होती. मैदानावरच्या निम्म्या लोकांची पाठ आपोआप सरळ झाली. डग्लस थांबला आणि वळला.

"टॅपर, परत ये! तू बाद नाहीस. बॅट लागली होती. माझी चूक झाली."

शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम मोठ्याने, पॅव्हिलियनला ऐकू जाईल असं म्हटलं. मग ते स्कोअररकडे वळले आणि त्यांनी दोन्ही हात छातीवरून आडवे नेऊन उलट्या खांद्यांवर ठेवले, उजवा डाव्यावर, डावा उजव्यावर. दिलेला निर्णय मागे घेतला, याची ही अंपायरची खूण. इतक्या वर्षांत ती करायची वेळ सरांवर कधी आलेली नव्हती.

स्कोअररने हात वर करून 'पाहिलं' असं कळवलं की मगच खूण पुरी होते. पण टेबलावर फिलिपा होती आणि तिचा आ वासलेला होता. सर खांदे धरून उभे. एखाद्याला हुडहुडी भरावी तसे ते दिसत होते. शेवटी मर्टलबाईंनी फिलिपाच्या कोपराला धक्का दिला, "अगं, हात वर कर! तो संध्याकाळपर्यंत असाच उभा राहील, मी ओळखते त्याला." फिलिपाने हात वर केला, आणि तेव्हा कुठे सरांनी आपले हात सोडले.

डग्लस परत क्रीजवर आला. त्याने बॅट टेकवली. पुढचा चेंडू पडला, सरळ आला, बॅट इंचभर चुकली आणि पॅडवर असा आवाज झाला की आंधळ्यालाही कळावं. गोलंदाज पुन्हा ओरडला. डग्लसने बॅटकडे पाहिलं नाही, पॅडकडे पाहिलं नाही, त्याने सरांकडे पाहिलं. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. आणि बोट वर केलं.

क्षणभर लोकांना हसावं की रडावं कळेना. लागोपाठच्या दोन चेंडूंवर एकाच माणसाला दोनदा पायचीत देणारा अंपायर त्या मैदानाने पाहिला नव्हता. डग्लस सरांजवळून जाताना पुटपुटला, "हा होता, सर."

शेवटचा गडी सिरिल. तो गालात गोळी घेऊन आला, डोळे मिटून त्याने बॅट फिरवली, चेंडू बॅटच्या कडेला लागला आणि सगळ्यांच्या डोक्यावरून मागे कुंपणात गेला. चार. सिरिलने डोळे उघडले तेव्हा लोक त्याला खांद्यावर घ्यायला धावत होते आणि तो घाबरून उलटा पळत होता.

सरांनी खडे खिशात टाकले, कोट काढून हातावर घेतला आणि पॅव्हिलियनकडे निघाले. कोट परत करायचा, केकचा तुकडा खायचा आणि मर्टलला घेऊन घरी जायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. एका मॅचपुरतं ठरलं होतं, ती झाली होती. पायऱ्यांशी पोचले तर वर डग्लस टॅपर उभा. पॅड अजून पायातच. मागे त्याची बायको, कमिटीची सगळी मंडळी, सिरिल, क्रीड, हातात ग्लास घेतलेले दोन्ही गावांचे लोक.

"सर, थांबा," डग्लस म्हणाला.

सर थांबले.

डग्लसने घसा खाकरला. काही शब्द त्याच्या घशापर्यंत आले असावेत, कारण मान फुगली, पण ते तिथूनच परत गेले. त्याने बायकोकडे पाहिलं, तिने मदत केली नाही. मग त्याने बॅट भिंतीला टेकवली, दोन्ही हात वर घेतले आणि उजवा डाव्या खांद्यावर, डावा उजव्या खांद्यावर ठेवला.

कुणी हसलं नाही.

"आजच्या निर्णयाबद्दल असेल तर," सर म्हणाले, "तो मी मागे घेतलाय. तुला घ्यायची गरज नाही."

"आजच्याबद्दल नाही," डग्लस खांदे धरूनच म्हणाला. "चार वर्षांपूर्वीच्या निर्णयाबद्दल. मैदानावरच्या नाही, पबमधल्या. चेंडू पॅडवर बसला तेव्हाच मला कळलं होतं, मी गेलो. सरळ यष्टींवर होता, सर. तुमचं बोट बरोबर होतं."

सरांच्या हातातला कोट जरा खाली घसरला. इतकी वर्षं त्यांनी हे वाक्य मनात घोळवलं होतं, त्यावर काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं, अगदी लॅटिन अवतरणासकट. आता त्यातलं एक अक्षर आठवेना. डोळ्यांपुढच्या पायऱ्या मात्र धूसर झाल्या.

डग्लस तसाच उभा होता.

"सर," तो म्हणाला, "स्कोअररने हात वर केल्याशिवाय खूण पुरी होत नाही, असं तुम्हीच शिकवलंत. किती वेळ उभा राहू?"

"हात वर कर रे, ऑब्री," मर्टलबाई मागून म्हणाल्या. "त्या बशीखालच्या तुकड्यावर सिरिलचा डोळा आहे."

पेनफोल्ड सरांनी कोट डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर केला, सरळ, पूर्ण ताठ, शाळेतल्या पोराने उत्तर येतंय म्हणून करावा तसा. डग्लसने खांदे सोडले.

"फिलिपा," सर म्हणाले, "आता तो शब्द वापरलास तर चालेल."